घरात पिल्लू आणलंय? मग जंतांच्या अळ्यांची ही तीन घड्याळं समजून घ्या

पिल्लू दवाखान्यात आलं तेव्हा घरचे सगळे खुशीत होते. दोन महिन्यांचं, काळं-पांढरं, पोट नगाऱ्यासारखं टम्म. "बघा डॉक्टर, आठ दिवसांत कसा गुटगुटीत झालाय," आजी म्हणाल्या. मी पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा मणी न् मणी बोटाला लागत होता. केस राठ, हिरड्या फिक्या, सगळं खाल्लेलं जणू त्या ढेरीत अडकलेलं. टेबलावर ठेवलं तसं ते दोनदा ओकलं आणि दुधाबरोबर शेवयांचा एक गुंता बाहेर पडला. शेवया हलत होत्या.

घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला त्या गुंत्याचं फारसं काही वाटलं नाही, पिल्लांमध्ये तो रोजचाच प्रकार. मी विचारलं, "पिल्लू कुठलं?"

"आमच्याच सोसायटीतलं. खाली बांधकामाची रेती पडलीय, तिथे कुत्री व्याली. पाच पिल्लं आहेत. हा पण दिवसभर तिथेच असतो," असं म्हणत आजींनी तीन वर्षांच्या नातवाकडे बोट दाखवलं. नातवाच्या नखांत रेती होती आणि दोन बोटं तोंडात.

काळजी करायची ती इथे. समोरच्या ताज्या ओकारीपेक्षा दोन महिने जुना रेतीचा ढीग कितीतरी धोक्याचा. असं का, आणि मग करायचं काय, हे त्या दिवशी मी त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ते सगळं इथे सविस्तर मांडतो. कुत्रं-मांजर टाकून द्या असा सल्ला इथे सापडणार नाही. तशी गरजच नसते.

अळी माणसात येते म्हणजे काय होतं

कुत्र्याच्या आतड्यातला गोल जंत, टॉक्सोकारा, कुत्र्यातच मोठा होतो, तिथेच अंडी घालतो. एक मादी दिवसाला लाखभर अंडी सहज टाकते. हे अंडं माणसाच्या पोटात गेलं की त्यातून अळी निघते, साधारण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. कुत्र्याच्या पिल्लात ती यकृत-फुप्फुस असा ठरलेला रस्ता धरून पुन्हा आतड्यात येते आणि मोठी होते. माणसात तिला तो रस्ता सापडत नाही. मग ती यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत भटकत राहते. मोठी होत नाही, अंडी घालत नाही. म्हणून माणसाची शौचाची तपासणी केली तर त्यात काहीच दिसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डॉक्टर याला लार्व्हा मायग्रान्स म्हणतात, म्हणजे भटकणारी अळी. हे प्रकरण उघडकीस आलं ते मोठ्या विचित्र मार्गाने. १९५० साली हेलेनोर वाइल्डर या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. त्यातले बहुतेक डोळे कर्करोगाच्या संशयाने काढले होते. २४ डोळ्यांत गाठ नव्हती, जंताची अळी किंवा तिचे अवशेष होते. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यू ऑर्लीन्सच्या पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या यकृतातल्या अळ्या कुत्र्या-मांजरांच्या टॉक्सोकारा जंताच्या असल्याचं दाखवलं. शरीरात आतवर भटकणाऱ्या अळीला तेव्हापासून हे नाव मिळालं.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. अळ्या पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नाही, शरीर त्यांना गुंडाळून गप्प बसवतं. पण एका लहान मुलाचा एक डोळा जाणं ही किंमत, रोज दोन मिनिटांच्या कामाने टळत असेल तर ते काम करावं.

तीन जंत, तीन घड्याळं

कुत्र्याची शी पडली की तिच्यातला धोका कधी सुरू होतो? लोकांना वाटतं, पडल्या क्षणापासून. खरं उत्तर जंतागणिक वेगळं आहे, आणि आपली सगळी मोर्चेबांधणी याच वेळापत्रकावर उभी आहे.

टॉक्सोकाराचं घड्याळ सगळ्यात संथ. ताज्या शीतलं अंडं गिळलं तरी काही होत नाही, कारण आत अळी तयारच नसते. ती तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून थोडे कमी. पण एकदा तयार झाली की जाड कवचातलं ते अंडं मातीत महिनोन् महिने, सावलीत आणि ओलीत तर वर्षानुवर्षं टिकतं. शी केव्हाच पावसात विरघळून गेलेली असते. माती स्वच्छ दिसते.

दुसरा हुकवर्म, कुत्र्या-मांजरांच्याच आतड्यातला आणखी एक जंत. त्याचं घड्याळ मधलं. याची अंडी ओलसर रेतीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत अशी अळी तयार होते जी अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. गिळायचीही गरज नाही.

तिसरा हायडॅटिडचा, म्हणजे माणसाच्या यकृतात-फुप्फुसात पाण्याची गाठ करणारा, टेपवर्म. याला घड्याळच नाही. कुत्र्याच्या शीतून पडतानाच अंडं तयार असतं.

म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर पहिले दोघे जागच्या जागी संपले. तिसऱ्यासाठी मात्र शी उचलणं पुरत नाही, त्याची वाट आधीच, कुत्र्याच्या तोंडाशीच अडवावी लागते.

पहिली पायरी: पिल्लाचं औषध दुसऱ्या आठवड्यात

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं झालं की घरी येतं, लस द्यायला दवाखान्यात येतं आणि तेव्हा पहिल्यांदा जंताचं औषध मिळतं. तोवर उशीर झालेला असतो. कुत्रीच्या स्नायूंत टॉक्सोकाराच्या अळ्या वर्षानुवर्षं निजून असतात. गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात उतरतात, उरलेल्या दुधातून जातात. म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं. पंचवीस हजारांचं लॅब्रडॉर असो की रेतीतलं गावठी, यात भेद नाही. "आम्ही घरातच वाढवलंय, मातीत सोडलंच नाही," हे मी दर आठवड्याला ऐकतो. मातीचा संबंधच येत नाही.

तीन-साडेतीन आठवड्यांचं पिल्लू शीतून अंडी टाकायला लागतं. म्हणून औषध त्याच्या आधी सुरू व्हायला हवं:

पिल्लाला दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांना. मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. त्यानंतर वर्षातून किमान चार वेळा, म्हणजे दर तीन महिन्यांनी. मांजरीच्या पिल्लांत नाळेतून संसर्ग होत नाही, दुधातून होतो, त्यामुळे तिथे तिसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं तरी चालतं. आणि पिल्लांबरोबर आईलाही द्यायचं. ती पिल्लांचं बूड चाटून साफ करते, तिच्या पोटात सगळं परत जातं.

लोक विचारतात, दर पंधरा दिवसांनी कशाला, एकदाच जोरदार डोस द्या ना. नाही चालत. पायरँटेल काय, फेनबेंडाझोल काय, या वयात आपण देतो ते औषध मुख्यतः आतड्यात आलेल्या जंतांना बाहेर काढतं. त्या वेळी फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्या तशाच राहतात आणि पुढच्या पंधरवड्यात आतड्यात उतरतात. दुसरा डोस त्यांच्यासाठी, तिसरा त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी.

डोस वजनावर ठरतो, त्यामुळे अंदाजपंचे देऊ नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पातेलं ठेवा, काटा शून्यावर आणा, पिल्लू पातेल्यात बसवा. हलतंय म्हणून तीनदा वजन घ्या. तो आकडा आणि तारीख कार्डावर लिहा. औषध कोणतं ते तुमच्या पशुवैद्यांना ठरवू द्या. गाई-म्हशींसाठी असलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कोणाच्या सांगण्यावरून कुत्र्याला टोचू नका. कोलीसारख्या काही जातींना त्याचा मोठा डोस जीवघेणा ठरतो.

औषधानंतर एक-दोन दिवस शीतून जंत पडतील. औषध लागू पडल्याची ती खूण. शी नेहमीप्रमाणे उचला, एवढंच.

पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकत किंवा दत्तक घेताना आधीच्या डोसांच्या तारखा मागा. "सगळं दिलंय" हे उत्तर मी धरत नाही. कार्ड नसेल तर काहीच दिलेलं नाही असं समजून सुरुवात करा, नुकसान नाही.

आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे, वळवळणारे तुकडे दिसले तर ते वेगळे. तो पिसवांतून येणारा टेपवर्म. पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो जात नाही. या लेखातल्या अळ्यांशी त्याचा संबंध नाही, पण मालकांना नेमका तोच दिसतो आणि घाबरायला होतं.

दुसरी पायरी: शी उचला, आणि ती टाका कुठे हेही ठरवा

रोज एकदा, ठरलेल्या वेळी. अंगण, गच्ची, पार्किंग, जिथे कुत्रं जातं तिथे. हातात पिशवी उलटी घालायची, उचलायची, पिशवी सुलटी करून गाठ मारायची. घरी टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडलं तर उत्तम, नाहीतर डायपरच्या कचऱ्याबरोबर. ओल्या कचऱ्यात नको.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनो, इथे कान द्या. कुत्र्या-मांजराची शी घरच्या खताच्या डब्यात टाकू नका. तो डबा ही अंडी मरण्याइतका हमखास तापत नाही. दोन महिन्यांनी तेच खत पालकाच्या वाफ्यात जातं.

फिनाइलने वास जातो, अंडी मरत नाहीत. ब्लीचने अंड्यांचा वरचा चिकट थर सुटतो, त्यामुळे धुऊन निघायला मदत होते, पण तेही अंडं मारत नाही. अंडं मरतं उष्णतेने. पिल्लू जिथे बांधलेलं असतं ती फरशी आधी घासून साफ करा आणि मग उकळतं पाणी ओता. मातीत मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे अंडी पडू न देणं एवढाच उपाय. उघड्यावर, मेच्या उन्हात वरचा थर तापून पुष्कळ अंडी मरतात, पण आंब्याखालच्या गारव्यात त्यांचं मजेत चालू असतं.

मांजराचा वाळूचा ट्रे रोज साफ करायचा. गरोदर बाईने तो करू नये असं जे सांगतात ते टॉक्सोप्लाझ्मासाठी. नाव जवळचं असलं तरी तो जंत नाही, विषय वेगळा.

तिसरी पायरी: मुलं, माती आणि तो रेतीचा ढीग

आपल्याकडे मुलांसाठी खास वाळूचे हौद फार नाहीत. त्यांची जागा बांधकामाच्या रेतीने घेतली आहे. गल्लीत कोणाचं तरी काम चालू असतं, ढीग चार-चार महिने पडून राहतो. दिवसा मुलं त्यात बोगदे खणतात, रात्री मांजरं. मांजराला मऊ, उकरता येणारी, कोरडी जागा लागते आणि शी पुरून ठेवायची तिला सवय. म्हणजे वरून काही दिसत नाही. खाली अंड्यांना सावली मिळते, ओल मिळते. टॉक्सोकाराला याहून चांगली जागा मी तरी सांगू शकत नाही.

करायचं काय? ढीग असेल तोवर संध्याकाळी ताडपत्री घालून कडेला विटा ठेवा. आधीच घाण झालेली रेती खेळायला ठेवू नका, सिमेंटात कालवून बांधकामातच संपवा. सोसायटीत मुलांसाठी हौद करायचाच असेल तर झाकणासकटच करा. कुंड्यांमध्ये मांजर बसत असेल तर मातीवर मुठीएवढे दगड पसरा किंवा जाळी लावा.

आता हात. नखं बारीक कापलेली हवीत, कारण अंडी नखांखालच्या मातीतून तोंडात जातात. खेळून आल्यावर साबण आणि वाहतं पाणी. सॅनिटायझर इथे कुचकामी आहे. अंड्याचं कवच त्याला दाद देत नाही आणि चोळून ते हातावरून जातही नाही. साबणानेही अंडं मरत नाही, ते घसरून वाहून जातं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. कोथिंबीर, पालक, गाजर, मुळा ही मातीलगतची मंडळी दोन पाण्यांतून खळखळून धुवा, विशेषतः कच्ची खाणार असाल तर.

मूल माती खात असेल, भिंतीचा पोपडा, खडू चाटत असेल, तर नुसतं ओरडून भागणार नाही. त्याच्या अंगात लोह कमी आहे का ते बघायला डॉक्टरांकडे न्या. माती खाणारं मूल आणि घरात पिल्लू, ही जोडी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

कुत्र्याला जवळ घेतलं, त्याने गाल चाटला, यातून? धोका फार कमी. पिल्लांच्या केसांत अंडी सापडतात हे खरं, पण बहुतेक कच्ची असतात. जुनी माणसं म्हणतात, कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते. केसाने गाठ होत नाही. पण कुत्रं आणि पोटातली गाठ यांचा संबंध कोणाच्या तरी लक्षात आला होता, हे मात्र खरं. त्याकडे पाचव्या पायरीत येतो.

चौथी पायरी: समुद्रावर चप्पल

गोव्याहून किंवा कोकणातून आल्यावर चार-आठ दिवसांनी तळपायावर लाल फुटकुळी येते. मग तिच्यातून दोऱ्यासारखी उंचवटलेली, नागमोडी रेघ निघते. रात्री खाज इतकी की झोप उडते. ही हुकवर्मची अळी. कुत्र्याची कातडी ती पार करते, माणसाच्या कातडीचा खालचा पडदा मात्र तिला भेदता येत नाही. म्हणून वरच्या थरातच बोगदा खणत फिरत राहते, रोज साधारण एक-दोन सेंटिमीटर.

ओळखायची सोपी युक्ती: रेघेचं पुढचं टोक बॉलपेनने खूण करा आणि फोटो काढा. सकाळी रेघ खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर हीच. नायटा गोल पसरतो, रेघ ओढत नाही. हे दोन फोटो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलेत तर बहुतेक वेळा तपासणीचीही गरज पडत नाही.

करू नये असं बरंच आहे. सुईने उकरणं, चुना लावणं, बर्फ धरणं, मेणबत्तीचा चटका देणं, हे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. अळी दिसणाऱ्या रेघेच्या टोकाला नसतेच, ती सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पुढे गेलेली असते. आपण तिच्या रिकाम्या बोगद्याला चटके देतो. औषधाच्या दुकानातून नायट्याचं म्हणून मिळणारं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर खाज दोन दिवस थांबते, अळी चालतच राहते. डॉक्टरांनी दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या एका डोसाने किंवा अल्बेंडाझोलच्या काही दिवसांच्या गोळ्यांनी ती मरते. काहीच केलं नाही तरी काही आठवड्यांनी आपोआप मरते, पण तोवर खाजवून जखम पिकते.

टाळायचं कसं? भरतीचं पाणी जिथवर येतं ती ओली, घट्ट वाळू लाटांनी रोज धुतली जाते, तिथे अनवाणी खुशाल चाला. त्याच्या वरची कोरडी वाळू, सुरूच्या झाडाखालची, टपऱ्यांच्या मागची, ती भटक्या कुत्र्यांची जागा. तिथे चप्पल घाला आणि बसताना जाड सतरंजी अंथरा. लहान मुलं उघड्या बुडाने बसतात आणि रेघा तिथेच उठतात. पावसाळ्यात ओल टिकते, तेव्हा जास्त जपा. गवंडीकाम, बागकाम, नळजोडणीसाठी घराखालच्या ओल्या मातीत सरपटणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

पाचवी पायरी: कलेजीतली पाण्याची गाठ कुत्र्याला घालू नका

हा भाग धनगर, मटणवाले, जत्रेत बोकड कापणारे आणि कंदुरी करणारे, यांच्यासाठी. शहरातल्या वाचकांनीही वाचावा, कारण शहरातली भटकी कुत्री मटणाच्या दुकानामागेच पोसली जातात.

शेळी-मेंढी, गाय-म्हैस यांच्या कलेजीत किंवा फुप्फुसात कधीकधी पांढरट, टणक, पाण्याने भरलेली गाठ सापडते. सुरी लागली की पाणी उडतं. खाटीक तेवढा भाग कापून कुत्र्यांपुढे टाकतो. त्या पाण्यात टेपवर्मची हजारो तोंडं असतात. कुत्र्याच्या आतड्यात गेली की साधारण सहा आठवड्यांत त्यांचे जंत होतात, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे. कुत्र्याला काही होत नाही, शीत डोळ्यांना काही दिसत नाही. पण अंडी पडत राहतात: चाऱ्यावर, पाण्यात, केसांवर, हातावर. ती माणसाने गिळली की त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वाढायला लागते. वर्षाला थोडी थोडी. कित्येकांना दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केल्यावर कळतं.

इथे नेहमी उलटं समजलं जातं. गाठ असलेली कलेजी खाऊन माणसाला हा रोग होत नाही. त्या गाठीतून माणसात काही उतरत नाही. मध्ये कुत्रं लागतं. ते खाणं थांबवलं की साखळी तुटते.

म्हणून गाठीचा भाग अर्धा तास चांगला उकळा, किंवा जाळा, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरा. कळपाबरोबरच्या, मटणाच्या दुकानापाशी राहणाऱ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांचं औषध पुरत नाही. त्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल लागतं, कारण जंत तेवढ्याच दिवसांत अंडी घालू लागतो. हे औषध जंत मारतं, अंडी नाही. त्यामुळे डोसानंतर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि ती शी जाळा किंवा पुरा. पायरँटेलच्या नुसत्या गोळीने टेपवर्म मरत नाही. गोळीच्या पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव आहे ना, तेवढं बघा.

हे जमतं का? आइसलँडमध्ये जमलं. १८६३ साली हॅराल्ड क्राबे नावाचा डॅनिश संशोधक तिथे गेला, कुत्री उघडून पाहिली. शंभरातल्या २८ कुत्र्यांत हा जंत होता. मेंढपाळांचा देश, घराघरांत पोटात गाठ असलेली माणसं. त्याने काय करायचं याची एक पुस्तिका लिहिली आणि १८६४ मध्ये ती घरोघर वाटली गेली. मागाहून कायदे आले: गाठी नष्ट करा, कुत्र्यांना औषध द्या. तेव्हा प्राझिक्वांटेल जन्मायला शंभरेक वर्षं होती. तरी तो रोग त्या देशातून गेला, मुख्यतः कुत्र्याला कच्ची आतडी-कलेजी न घातल्यामुळे.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय सांगायचं

मी जनावरांचा डॉक्टर. माणसांची औषधं लिहून देत नाही. पण माणसांच्या डॉक्टरांना जी माहिती लागते आणि घरचे सांगायला विसरतात, ती सांगू शकतो.

एक ते पाच वर्षांच्या मुलाला बरेच दिवस बारीक ताप, दम्यासारखी घरघर, पोटदुखी असेल आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील, तर "घरात पिल्लू आहे, मूल माती खातं" हे वाक्य आपणहून बोला. आपल्याकडे इओसिनोफिल वाढण्याची कारणं पुष्कळ: ॲलर्जी, साधे जंत, हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार. त्या गर्दीत टॉक्सोकारा आपोआप आठवत नाही. शौचतपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण वर सांगितलं तसं अळी तिथे दिसणारच नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची एलायझा चाचणी असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आत्ताच आजार आहे असंही नाही, जुना संसर्गही असू शकतो. त्याचा अर्थ डॉक्टरच लावतील.

शाळेत, अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी मिळते, ती जरूर द्या. ती माणसाच्या स्वतःच्या जंतांसाठी. ऊतींमध्ये भटकणाऱ्या अळीला एक गोळी पुरत नाही, तिथे अल्बेंडाझोल काही दिवस आणि कधी स्टिरॉइड, तेही देखरेखीखाली.

डोळ्याचं जरा वेगळं आहे. अळी बहुधा एकाच डोळ्यात जाते, दुसरा डोळा सगळं काम करत राहतो, आणि मूल तक्रार करत नाही. घरी महिन्यातून एकदा खेळ करा: एक डोळा तळहाताने झाकायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायची. मग दुसरा. लहान मुलाला चित्र ओळखायला सांगा. एक डोळा झाकल्यावर मूल चिडून हात ढकलत असेल, तिरळेपणा दिसत असेल, किंवा फोटोत एका बुबुळात पांढरी चमक येत असेल, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ. पांढरी चमक कर्करोगाचीही खूण असते, त्यामुळे यात थांबणं नाही. आणि डोळ्यात अळी असताना रक्ताची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

सोनोग्राफीत यकृतावर पाण्याची गाठ आली तर कुत्र्या-मेंढ्यांशी आलेला संबंध, अगदी लहानपणचासुद्धा, सांगा. हायडॅटिडची शंका दूर होण्याआधी कोणी सुई घालून पाणी काढायला निघालं तर स्पष्ट विचारा. गाठ फुटून पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते.

जाता जाता कोबीचं. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. ती अळी फुलपाखराच्या जातभाईची, शिजते आणि पचते. मेंदूत जाते ती डुकराच्या टेपवर्मची अळी, आणि त्या टेपवर्मची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. सांडपाण्यावर पिकलेल्या कुठल्याही भाजीवर ती असू शकतात, न धुतलेल्या हातांवर तर जास्तच. म्हणून डुकराचं मांस कधीही न खाणाऱ्यांनाही फिट्स येतात. कोबी बिचारा फुकट बदनाम झाला.

त्या आजी नातवाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेल्या. इओसिनोफिल वाढलेले निघाले, उपचार झाले, डोळे ठीक आहेत. रेतीतल्या पाचही पिल्लांना आणि त्यांच्या आईला सोसायटीने वर्गणी काढून औषध दिलं. कुत्रीची नसबंदीही झाली, म्हणजे पुढच्या वर्षी त्या ढिगावर नवी पिल्लं नाहीत आणि त्यांच्या जंतांची अंडीही नाहीत. पिल्लाच्या कार्डाचा एक फोटो नातवाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवायला मी सांगितलंय. तुम्हीही ठेवा. मुलाच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात जनावर आहे का, औषध कधी दिलं होतं?" तर तारीख बघून सांगता येते. ढिगावर ताडपत्री आली आहे. मांजर आता तिच्यावर उन्हाला पसरलेलं असतं.